कामगंध सापळे आणि क्रॉपसॅपचा सल्ला : पऱ्हाटीतल्या तीन हंगामांचा अनुभव

गेले तीन हंगाम आमच्या पाच एकर कोरडवाहू पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, मी गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतो आहे, आणि कृषी विभागाच्या क्रॉपसॅप या कीड-रोग सर्वेक्षणाच्या प्रकल्पातून येणारा सल्ला वाचल्याशिवाय फवारणीचा निर्णय घेत नाही. या दोन्ही गोष्टींबद्दल गावात बरेच प्रश्न विचारले जातात. सापळा लावून अळी मरते का, सरकारी सल्ला वेळेवर येतो का, आणि हे सगळे करून पैसा वाचतो का, हे ते प्रश्न. मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी आहे. 2017 च्या खरिपात फवारणी करताना विषबाधा होऊन याच जिल्ह्यात 20 हून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले आणि शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. त्यामुळे हा अभिप्राय मी केवळ खर्चाच्या हिशेबाने लिहू शकत नाही.

आधी सापळ्याबद्दल. आम्ही वापरतो तो नरसाळ्याच्या आकाराचा प्लास्टिकचा सापळा असून त्याला खाली लांब पिशवी आणि वर झाकण असते, आणि झाकणाखाली ल्युअर म्हणजे गंधाची गोळी अडकवायची असते. गुलाबी बोंडअळीच्या मादीचा जो गंध नराला ओढून आणतो, तोच गंध कृत्रिमरीत्या तयार करून या गोळीत भरलेला असतो. त्याला गॉसिप्ल्युर म्हणतात. पेरणीनंतर साधारण 45 दिवसांनी हेक्टरी 5 सापळे पिकाच्या शेंड्याच्या फूटभर वर राहतील अशा बेताने लावावेत, अशी शिफारस आहे, आणि पीक वाढेल तसा सापळाही वर सरकवावा लागतो. आमच्या पाच एकरांना दहा सापळे पुरतात. हंगामभराच्या गोळ्यांसह त्यांचा खर्च मजुरी धरून एका फवारणीच्या खर्चाहून कमी पडला. सापळे पुढच्या वर्षीही कामी येतात, गोळ्या मात्र दरवर्षी नव्या घ्याव्या लागतात.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हेक्टरी 5 सापळ्यांनी अळीचे नियंत्रण होत नाही. ते फक्त पतंग किती आले आहेत हे सांगतात, आणि पतंग पकडून संख्या कमी करायची असेल तर हेक्टरी 20 सापळे लावावे लागतात. ‘सापळा लावला तरी बोंडे किडली’ ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे. त्यांतल्या बहुतेकांनी सापळा लावल्यानंतर पिशवी उघडून पाहिलेलीच नव्हती. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी आठ किंवा त्याहून अधिक पतंग आले, तर कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोचली असे समजतात. हा आकडा हाताशी नसेल तर सापळ्याचा काहीही उपयोग नाही. मी सकाळी सातच्या आत शेतात जातो, पिशवीचे तोंड सोडून पतंग वहीच्या पानावर झटकतो, मोजतो आणि तारखेपुढे आकडा लिहितो. पतंग बोटाच्या नखाहून लहान आणि राखाडी तपकिरी असतात, आणि पावसाच्या दिवसांत पिशवीत चिकटून बसतात. दहा सापळ्यांना मला पाऊण तास लागतो.

दुसऱ्या हंगामात मात्र माझी मोठी फसगत झाली. तालुक्याच्या एका कृषी सेवा केंद्रातून मी बोंडअळीच्या गोळ्या मागून आणल्या, सापळ्यांत लावल्या आणि दहा-बारा दिवस वहीत शून्य लिहीत राहिलो. शेत स्वच्छ आहे या समजुतीत मी निर्धास्त होतो. मग एका सकाळी फुलांकडे नीट पाहिले, तेव्हा पाकळ्या मिटून गुलाबाच्या कळीसारख्या पिळवटलेली फुले ओळीने दिसू लागली. आम्ही त्यांना डोमकळ्या म्हणतो. एक डोमकळी उकलली तर रेशमासारख्या धाग्यांनी बांधलेल्या पाकळ्यांच्या आत कोवळी अळी बसलेली होती. कृषी सहायकांनी येऊन गोळीचे पाकीट उलटे करून बारीक अक्षरे वाचली, तेव्हा ती गोळी अमेरिकन बोंडअळीची, म्हणजे हेलिकोव्हर्पाची निघाली. दुकानदाराला विचारले तर त्याने सांगितले, ‘‘भाऊ, बोंडअळीची मागितली, बोंडअळीची देल्ली.’’ तेव्हापासून पाकिटावर पेक्टिनोफोरा हे गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय नाव आणि वापराची मुदत वाचल्याशिवाय मी पैसे देत नाही. वाचकांनीही देऊ नयेत.

सापळ्याच्या जोडीला बोंडे फोडून पाहणे अटळ आहे, आणि माझ्या मते हाच या सगळ्या पद्धतीचा सर्वांत भरवशाचा भाग आहे. एकरी वीस हिरवी, मध्यम आकाराची बोंडे वेगवेगळ्या झाडांवरून तोडायची आणि बांधावर बसून फोडायची. गुलाबी बोंडअळीचे बोंड बाहेरून धडधाकट दिसते, कारण कोवळी अळी आत शिरल्यावर तिचे छिद्र बुजून जाते. पाकळी नखाने सोलली की आतला ओला कापूस पिवळसर डागाळलेला दिसतो आणि सरकीत तोंड खुपसून बसलेली अळी सापडते. वीसपैकी दोन बोंडांत, म्हणजे दहा टक्क्यांत, जिवंत अळी मिळाली तर फवारणीची वेळ झाली, नाही तर थांबायचे. ही अळी बोंडाच्या आत असल्यामुळे वरून केलेला फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून वेळ चुकलेली फवारणी वायाच जाते. 2006 साली आलेल्या बोलगार्ड-2 या बीटी, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या, वाणांना ही अळी दाद देत नाही, हे 2017 च्या हंगामाने सगळ्यांना दाखवून दिले, आणि त्यानंतर अंदाजाने फवारण्याची सवय आमच्याकडे आणखी वाढली.

आता क्रॉपसॅपविषयी. 2008 च्या खरिपात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांनी जो हाहाकार माजवला, त्यानंतर 2009-10 पासून राज्याने कीड-रोग सर्वेक्षण आणि सल्ल्याचा हा प्रकल्प सुरू केला, आणि राष्ट्रीय पातळीवरच्या एकात्मिक कीड व्यवस्थापन संशोधन केंद्राचे त्यात साहाय्य राहिले. ठरावीक शेतांत आणि अधूनमधून निवडलेल्या इतर शेतांत जाऊन किडी मोजायच्या, त्या नोंदी एकत्र करायच्या आणि पातळी ओलांडलेल्या भागासाठी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार सल्ला द्यायचा, अशी त्याची रचना आहे. औषध विकणाऱ्याच्या नफ्याशी ज्याचा संबंध नाही असा सल्ला शेतकऱ्याला फुकट मिळतो, ही मला या सेवेची सर्वांत मोठी बाजू वाटते. पहिल्या हंगामात शेजाऱ्यांनी पात्या, म्हणजे फुलकळ्या, लागताच पहिला फवारा मारला, तेव्हा सल्ल्यात फक्त 5 टक्के निंबोळी अर्काची शिफारस होती. माझ्या वहीतले आकडेही कमी होते, म्हणून मी पाच किलो निंबोळ्यांचे शंभर लिटर पाणी या प्रमाणात अर्क काढून तेवढ्यावर भागवले. त्या वर्षी माझ्या रासायनिक फवारण्या सहावरून तीनवर आल्या आणि वेचणीत मला घट जाणवली नाही. सुरुवातीच्या काळात सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातले कीटकनाशक टाळावे, कारण त्याने पांढरी माशी उसळते, ही सूचनाही मी पाळली.

तरी सेवेत उणिवा आहेत, आणि त्या सुधारता येण्याजोग्या असल्यामुळे सांगितल्याच पाहिजेत. सल्ला एका मोठ्या भागासाठी असतो. भारी जमिनीतली, जूनच्या पहिल्या पावसावरची पऱ्हाटी आणि बरडावरची उशिराची पऱ्हाटी यांना तो सारखाच लागू पडत नाही, म्हणून स्वतःच्या शेतातली मोजणी सोडता येत नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. सल्ल्यात औषधाचे रासायनिक नाव आणि टक्केवारी असते, तर दुकानातल्या बाटलीवर कंपनीने दिलेले नाव ठळक आणि रासायनिक नाव मुंगीच्या पावलाएवढे असते. सल्ल्याचा कागद घेऊन गेलेल्या शेतकऱ्याला काउंटरवर ‘‘ते नाही, पण हे त्याच्यापेक्षा जोरदार आहे’’ असे ऐकावे लागते, आणि संशोधनाची सगळी मेहनत त्या एका वाक्यापाशी संपते. विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेने 2003 पासून पदविका अभ्यासक्रम चालवला आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण शिकलेला विक्रेतासुद्धा विक्रीवरच जगतो, हे धोरण आखणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हवे.

माझी साधी सूचना अशी आहे की, प्रत्येक सल्ल्यात औषधाच्या नावापुढे त्याच्या त्रिकोणाचा रंगही छापावा. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा, ही खूण बाटलीवर असतेच. फवारणारा मजूर अक्षरे वाचो न वाचो, रंग त्याला ओळखता येतो. आमच्याकडे पंप पाठीवर घेणारा माणूस बहुतेक वेळा शेताचा मालक नसतो, आणि काय मिसळले आहे हे त्याला कोणी सांगत नाही. हातमोजे, चष्मा, मुखपट्टी यांचा संच मी विकत आणून ठेवला आहे, पण ऑक्टोबरच्या उन्हात डोक्याएवढ्या पऱ्हाटीत तो घालून दोन तास काम करणे किती कठीण असते हे मी स्वतः करून पाहिले आहे. म्हणून टळलेली प्रत्येक फवारणी मला त्या संचापेक्षा मोठे संरक्षण वाटते. विषबाधेची शंका आली तर रुग्णासोबत औषधाची बाटली दवाखान्यात न्यावी, कारण उतारा कोणता द्यायचा हे डॉक्टरांना तिच्यावरूनच चटकन कळते.

कायद्याच्या बाजूने बदल होतात, पण फार सावकाश. आजही आपण 1968 च्या कीटकनाशक कायद्यावर चालतो, आणि 2020 मध्ये राज्यसभेत मांडलेले नवे विधेयक संमत झाले नाही. भाजीपाल्यावर 2005 मध्येच बंदी आलेले मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक त्यानंतरही कित्येक वर्षे कपाशीसाठी विकले जात होते, आणि भाजीसाठी बंद केलेली तीच बाटली टोमॅटोच्या वाफ्यावर रिकामी होताना मी पाहिली आहे.

ज्यांना रोज सकाळी तासभर शेतात फिरणे शक्य आहे त्यांनी सापळे जरूर घ्यावेत. ज्यांची शेती ठेक्याने चालते त्यांनी वही सांभाळणारा एक माणूस आधी ठरवावा, नाही तर सापळे घेऊ नयेत. यंदा आमच्या धुऱ्याला लागून असलेल्या चार शेतकऱ्यांनी एकत्र गोळ्या मागवायचे ठरवले आहे, आणि डिसेंबरनंतर फरदड न ठेवता, म्हणजे जुन्याच झाडांवर पुन्हा पीक न घेता, पऱ्हाट्या उपटून टाकायच्या यावरही त्यांतल्या तिघांचे एकमत झाले आहे. चौथ्याशी अजून बोलणे चालू आहे.