पीपी पिशवी, मेटलाइज्ड पाउच की पेट बरणी? फराळाच्या पॅकिंगचा आठ महिन्यांचा अनुभव

जून ते जानेवारी, म्हणजे भर पावसापासून दिवाळीची गर्दी ओसरेपर्यंत, चिवडा, शेव नि चकली या सगळ्यांत भरून पाहिली. माल सादळतो तो दमटपणामुळे. खवट होतो तो ऑक्सिजन आणि उजेडामुळे. पॅकिंग घेताना आपल्याला यातलं काय अडवायचंय हे आधी ठरवा.

पीपीची (पॉलिप्रोपिलीन या प्लॅस्टिकची) पारदर्शक पिशवी स्वस्त आणि दिसायला झकास. दमटपणा बऱ्यापैकी अडवते, ऑक्सिजन नाही. होलसेलवाला जाडी गेजमध्ये सांगतो: 100 गेज म्हणजे साधारण 25 मायक्रॉन. चकलीला 200 गेजच्या खाली उतरू नका, काटे आतून भोकं पाडतात. आठवड्यात खपणाऱ्या मालाला हीच पुरे.

शेवेला मात्र मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा पातळ चंदेरी थर असलेला पाउचच. माल दिसत नाही ही गिऱ्हाइकाची कुरकुर खरी, पण खवटपणा तोच लांबवतो. घड्या पडलेला गठ्ठा परत करा. घडीवर चंदेरी थराला तडे जातात. पाउच उघडून बल्बसमोर धरला की रेघ दिसते.

निम्म्याहून जास्त तक्रारी पिशवीच्या नसतातच, सीलच्या असतात. तोंडाशी शेवेचा चुरा किंवा तेल राहिलं की सील वरून ठीक दिसतं, पण आतून हवा खेचतं. रुंद नळीच्या नरसाळ्याने भरा, तोंड कोरड्या फडक्याने पुसा. हँड सीलरचा (तोंड तापवून चिकटवणाऱ्या यंत्राचा) दिवा विझल्यावर दांडा आणखी दोन-तीन सेकंद दाबून ठेवा. गरम सील ओढलं की उसवतं. सीलरच्या तापणाऱ्या तारेवरची टेफ्लॉनची पट्टी काळी पडली की बदला. दर घाण्यातला एक पाउच बादलीत पाण्याखाली दाबा. बुडबुडा आला तर सीलरची वेळ वाढवा.

झिप पाउचची झिप गिऱ्हाइकाच्या सोयीची, हवाबंद नव्हे. सील झिपच्या वर, बोटभर अंतर सोडून.

पेट (पाण्याच्या बाटलीचं पारदर्शक प्लॅस्टिक) बरणी चिवड्याला चांगली, चुरा होत नाही. ऑक्सिजन पीपीपेक्षा बराच कमी आत येतो, उजेड मात्र थेट, म्हणून उन्हाच्या फळीवर नको. चिवडा पातेल्याच्या तळापर्यंत गार झाल्याशिवाय भरू नका. झाकणाखाली वाफ धरते आणि पोहे दुसऱ्याच दिवशी चामट. झाकणातली नुसती दाबून चिकटणारी चकती तेलकट काठावर सुटते. इंडक्शन सील (यंत्राने तापवून बरणीच्या तोंडावर चिकटवायची फॉइलची चकती) घ्यायचं तर पेटसाठीचंच मागा, एचडीपीई या दुसऱ्या प्लॅस्टिकच्या डब्याचं पेटला धरत नाही.