पानिपत की गाढवाचा नांगर?

दोन्ही शब्दप्रयोग सर्वनाशाचे, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

‘पानिपत होणे’मागे १४ जानेवारी १७६१ चा दिवस आहे. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ पडले, एका पिढीची माणसं गेली. म्हणून या प्रयोगात लढून झालेला पराभव असतो आणि हळहळही. ‘विश्वास तर पानिपतातच गेला’ ही कोटी त्यातलीच. हल्ली निवडणुकीत पक्ष आपटला की मथळ्यात ‘पानिपत’ ठरलेलं. अतिवापरच म्हणायचा, अनामत जप्त झालेल्या उमेदवारालाही पानिपतची शोभा मिळते.

‘गाढवाचा नांगर फिरवणे’ वेगळं. इथे लढाई आधीच संपलेली असते. जिंकणारा मुद्दाम अपमान करतो. गाव जाळायचं, वाडे पाडायचे आणि मग बैलाऐवजी गाढव जुंपून जमीन नांगरायची, म्हणजे पुन्हा कुणी तिथे वसू नये. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुण्याचं हेच केलं, असं सांगतात. पुढे बालशिवाजींच्या हातून तिथेच सोन्याचा नांगर फिरवला गेल्याची परंपरा आहे. त्यामुळे पुणेकराला हा प्रयोग जरा जास्तच झोंबतो.

संघ वाईट हरला तर पानिपत म्हणा. बिल्डरने जुना वाडा पाडला आणि अंगणातला पारही उखडला, तर मी गाढवाचा नांगरच म्हणेन. परीक्षेत नापास झालात? त्याला ‘बोऱ्या वाजला’ पुरे.