नवा रिसीव्हर: चित्र होतं तेच, डायलॉग मात्र कळायला लागले

ज्यांना वेळ नाही त्यांच्यासाठी आधी निकाल सांगून टाकतो. डेनॉनचा एव्हीआर-एक्स२८००एच हा एव्ही रिसीव्हर (प्लेअर, टीव्ही आणि स्पीकर यांच्या मधला अॅम्प्लिफायरचा डबा) घेतला, जुना ५.१ वाला (पाच स्पीकर आणि खालच्या आवाजासाठी एक सबवूफर चालवणारा) काढला. स्पीकर तेच, सबवूफर तोच, टीव्ही तोच, आणि हॉल म्हणजे कर्वेनगरातल्या टू बीएचकेचा असतो तेवढाच. चित्रात काडीचा फरक नाही. आवाजात आहे, चांगलाच आहे, पण दुकानात जी कारणं ऐकवतात त्यातल्या एकामुळेही नाही.

आता जुना काढायचा कशाला, तर त्याचं एचडीएमआय १.४. त्यातून सेकंदाला जास्तीत जास्त १०.२ गिगाबिट जातात, म्हणजे ४के आलंच तर ३० फ्रेमवर, आणि एचडीसीपी २.२ (४के चं कॉपी-संरक्षण) नसल्यामुळे ४के ब्ल्यू-रे प्लेअर त्यातून लावला की एकतर चित्र १०८०पी वर उतरायचं नाहीतर सरळ काळा पडदा. म्हणून प्लेअर आणि ओटीटीची स्टिक थेट टीव्हीला, आणि टीव्हीकडून आवाज एआरसीने (एचडीएमआय केबलमधूनच आवाज उलटा पाठवायची सोय) परत रिसीव्हरला असा द्राविडी प्राणायाम चालू होता. चालत होतं तसं, पण साध्या एआरसीतून डिस्कवरचा डॉल्बी ट्रूएचडी (दर्जा न घटवता साठवलेला आवाज) जात नाही, त्याला ईएआरसी (एआरसीचीच जास्त क्षमतेची आवृत्ती) लागतं, नाहीतर प्लेअर थेट रिसीव्हरला. त्यात वळवाच्या पावसात विजा झाल्या तेव्हा जुन्याचा एक पोर्ट गेला आणि घरात विषय मांडायला निमित्त मिळालं.

(ओटीटीवरचा अॅटमॉस, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणारा डॉल्बीचा प्रकार, डॉल्बी डिजिटल प्लस या दाबून लहान केलेल्या फॉरमॅटमध्ये येतो आणि तो साध्या एआरसीतूनही जातो, त्यामुळे फक्त ओटीटी बघणाऱ्यांनी ईएआरसीचं एवढं टेन्शन घेऊ नका. रिसीव्हरला अॅटमॉस कळत असला आणि टीव्ही तो तसाच पुढे सोडत असला की झालं.)

चित्राचं आधी संपवतो. "साहेब, पिक्चरपण एकदम वेगळं दिसेल" हे वाक्य कुठल्याही दुकानात ऐकायला मिळेल. अहो, रिसीव्हर चित्र आलं तसं पुढे सोडतो, त्याच्यात सुधारणार काय तो? मी प्लेअर एकदा थेट टीव्हीला, एकदा रिसीव्हरमधून लावला, तोच अंधारातला सीन, तेच चेहरे, तोच संध्याकाळचा आभाळाचा पट्टा जिथे रंगांच्या पायऱ्या दिसतात का बघायच्या असतात. हिला न सांगता बदलत होतो, तिला एकदाही ओळखता आलं नाही आणि मला माहीत असूनही दिसलं नाही. पण लोकांना फरक दिसतो हेही खोटं नाही, कारण टीव्ही प्रत्येक एचडीएमआय पोर्टसाठी पिक्चर मोड वेगळा लक्षात ठेवतो. जुन्या पोर्टवर तुम्ही सिनेमा मोड लावलेला असतो, नवा रिसीव्हर दुसऱ्या पोर्टला जातो, तिथे कंपनीचा भडक मोड चालू असतो, आणि मग "वा काय पिक्चर आलंय" सुरू. दोन्हीकडे फिल्ममेकर मोड लावा, मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा, मग बोलू.

एक सेटिंग मात्र बघाच. डेनॉनच्या व्हिडिओ मेनूत ४के/८के सिग्नल फॉरमॅट आहे, ते स्टँडर्डवर राहिलं तर ६० फ्रेमचं ४के एचडीआर (उजेड-अंधाराचा जास्त आवाका असलेलं चित्र) पूर्ण ताकदीने येत नाही, एन्हान्स्ड लागतं, आणि टीव्हीच्या बाजूलाही त्या पोर्टसाठी तसलंच काहीतरी चालू करावं लागतं, नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं. सहा इनपुटपैकी तीनच ८के वाले, ४० गिगाबिटचे. भाच्याने पीएस५ आणून लावला तेव्हा ४के १२० फ्रेमवर गेम चालला, जुन्यातून हे बापजन्मात झालं नसतं. चित्राच्या बाबतीत रिसीव्हरमुळे झालेला फायदा म्हणाल तर तेवढाच.

केबलचं थोडक्यात. तपकीर गल्लीत (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) ८के छापलेल्या केबल ढिगाने मिळतात, छापायला काय लागतं? खोक्यावर अल्ट्रा हाय स्पीडचं स्कॅन होणारं सर्टिफिकेशन लेबल असेल तर घ्या. आणि भिंतीतून केबल काढणार असाल तर आत दोरी सोडून ठेवा, पुढच्या वेळी भिंत फोडावी लागणार नाही.

आता आवाज. जुना ७० वॉटचा, हा ९५ वॉटचा, ८ ओहमला, दोन चॅनल चालू असताना. केवढा फरक वाटतो ना? डेसिबलमध्ये काढलात तर दीड सुद्धा नाही, साधारण १.३. वॉट दुप्पट झाले तरी वाढतात फक्त ३ डेसिबल, आणि कानाला आवाज दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. फ्लॅटमध्ये आपण ऐकतो त्या आवाजाला स्पीकर बराच वेळ एक-दोन वॉटवरच चालत असतात. जाहिरातीत याच रिसीव्हरचे १५० वॉटही दिसतील, ते ६ ओहमला एकच चॅनल चालू असताना आणि जास्त डिस्टॉर्शन धरून मोजलेले असतात. तेव्हा वॉट बघून रिसीव्हर घेणाऱ्याला कोपरापासून नमस्कार.

तुलना करताना दोन्हीचा आवाज फोनवरच्या मीटरने का होईना सारखा करून घ्या, कारण एखादा डेसिबल जास्त असलेला रिसीव्हर नेहमीच "खुललेला" वाटतो. मी सारखा करून स्टीरिओ ऐकलं. भीमसेनजींचं जुनं रेकॉर्डिंग, तानपुऱ्याची जवारी, तबल्याच्या डग्ग्याची घिस. डग्गा मला टेस्टला फार आवडतो, त्यात खालचा आवाज सरकत जातो, सबवूफर आणि स्पीकरची जोडणी नीट नसेल तर मध्येच खड्डा पडल्यासारखं होतं. तर प्युअर डायरेक्टवर, सगळी करेक्शन बंद ठेवून, जुना आणि नवा यांत मला तरी फरक सांगता आला नाही. ज्यांना नुसती गाणी ऐकायचीत त्यांनी यासाठी पैसे घालवू नयेत.

खरा फरक पडला ऑडिसीने. याच्यात त्याची मल्टीईक्यू एक्सटी ही आवृत्ती आहे, सोबत आलेला माइक आठ ठिकाणी ठेवून रिसीव्हर स्वतः आवाज सोडतो, मोजतो आणि खोलीप्रमाणे दुरुस्त करतो. जुन्यातलं असलं करेक्शन अगदीच प्राथमिक होतं. माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, ट्रायपॉडवर कानाच्या उंचीला, पहिली जागा तुमची मुख्य बैठक, कारण अंतर आणि लेव्हल त्यावरूनच ठरते. पंखा बंद, फ्रिज बंद, शेजारच्यांचा कुकर होऊन गेलेला, खालून भंगारवाला जात नाहीये अशी वेळ पुण्यात शोधायची म्हणजे मुहूर्तच काढावा लागतो. गुरुवार धरू नका, आमच्याकडे तो दुरुस्तीसाठी लाइट जायचा वार. सोसायटीच्या चेअरमनकाकांना आधी कल्पना दिली, फक्त डॉल्बी हा शब्द टाळला, विसर्जन मिरवणुकीतल्या भिंती आठवतात त्यांना.

मोजून झाल्यावर जे येतं ते जसंच्या तसं ठेवायचं नसतं. फ्रंट स्पीकर लार्ज ठरवले गेले असतील तर स्मॉल करा, क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे खालचं ओझं सबवूफर उचलतो. सेंटर (मधला स्पीकर) मी टीव्ही युनिटच्या कप्प्यात आत होता तो कडेपर्यंत पुढे ओढला, तोंड जरा वर केलं आणि लेव्हल दीडेक डेसिबल वाढवली. सिनेमातले डायलॉग बहुतेक सेंटरमधूनच येतात, कप्प्यात बसलेला सेंटर हंड्यात बोलल्यासारखा घुमतो. घुमणं गेलं आणि आईने सबटायटल बंद करायला सांगितले. "अरे, आता काय बोलतायत ते कळतंय, पण तो पाऊस जरा कमी कर," हा तिचा रिव्ह्यू. पाऊस जास्त वाटत होता तो डायनॅमिक ईक्यूमुळे, ते कमी आवाजात बेस आणि मागचे स्पीकर उचलतं. साध्या टीव्ही कार्यक्रमांना त्यातला रेफरन्स लेव्हल ऑफसेट १० किंवा १५ वर ठेवला की ठीक होतं. मराठी सिरियल आणि बातम्यांच्या चर्चांना मात्र ऑडिसी काय, ब्रह्मदेवही काही करू शकत नाही.

आणि हो, व्हिट्रिफाइड टाइल्सचा उघडा हॉल असेल तर आधी टाळी वाजवून बघा, कर्कश प्रतिध्वनी आला तर सोफ्यासमोर जाड सतरंजी आणि खिडकीला जाड पडदा. त्याने त्या वाढीव २५ वॉटपेक्षा जास्त फरक पडतो. दुकानातल्या डेमो रूममध्ये खाली कार्पेट आणि भिंतीला फोम असतो, तिथला आवाज ऐकून घरी तसाच येईल धरून चालू नका.

अॅटमॉससाठी यातून ५.१.२ (५.१ आणि वरून आवाज देणारे दोन स्पीकर) होतं. वर तोंड करणारे स्पीकर सपाट, कडक छताला आवाज आपटून परत पाठवतात, आपल्या साडेनऊ-दहा फुटांच्या स्लॅबला ते जमतं, पण पीओपीच्या नक्षीदार फॉल्स सीलिंगला फारसं नाही. छतात भोकं पाडायला घरून परवानगी नाही, त्यामुळे सध्या ५.१ च.

न आवडलेलं: फ्रंट, सेंटर, सराउंडला प्री-आउट नाहीत, म्हणजे पुढे वेगळा पॉवर अॅम्प्लिफायर जोडायची सोय नाही, आणि डिरॅक (ऑडिसीसारखंच दुसऱ्या कंपनीचं करेक्शन) पैसे भरूनही मिळत नाही, त्यासाठी वरचा ३८०० घ्यावा लागतो. मोठा हॉल, महागडे स्पीकर असतील तर थेट तोच बघा. टीव्ही १०८०पी चा आहे आणि जुना रिसीव्हर ठीक चाललाय त्यांनी काहीच घेऊ नका, सेंटर तेवढा पुढे ओढा.

किंमत लिहीत नाही, दुकानागणिक वेगळी सांगतात, पण बिलावर सिरियल नंबर आणि भारतातली कंपनी वॉरंटी लिहून घ्या, बाहेरून आणलेले पीसही फिरत असतात. सुताराला माप देताना रिसीव्हरची ३४ सेंटिमीटर खोली आणि मागे वळणाऱ्या केबल मिळून सोळा इंच तरी सांगा, वर हवेला जागा सोडा, एप्रिलमध्ये बंद कप्प्यात कुठलाही रिसीव्हर तापतोच. आमचा जुना आता बेडरूममध्ये दोन स्पीकरवर गाणी वाजवतोय, एक पोर्ट मेलेला असला तरी तिथे एचडीएमआय विचारतंय कोण.