सीट नंबर २७

अभ्यासिकेचं नाव लिहीत नाही. खाली दोन-तीन ठिकाणी कुरकुर आहे आणि ती चालवणाऱ्या काकांना उगाच वाईट वाटायला नको. रानडे रोडच्या आतल्या गल्लीत, साड्यांच्या दुकानावर, दुसरा मजला, लिफ्ट नाही. दादरचा कुठलाही एमपीएससीवाला जिन्यापर्यंत आणून सोडेल.

मी तिथे बसायचे तेव्हा इटलीत मेडिकल शिकत होते, सहाव्या वर्षाला. तिकडे सहा वर्षांत ३६० क्रेडिट पुरे करायचे आणि त्यातच शेवटी थिसिस. तो लिहून, परीक्षकांपुढे मांडल्याशिवाय डिग्री नाही. आपल्याकडे एमबीबीएसला थिसिस नसतो, एमडीला असतो, त्यामुळे मी काय करतेय हे घरी कोणालाच नीट कळत नव्हतं. काकांच्या फॉर्मवर ‘परीक्षेचं नाव’ असा रकाना आहे. मी ‘थिसिस’ लिहिलं. त्यांनी चष्मा वर करून विचारलं, "पीएचडी का?" म्हटलं, "नाही काका, एमबीबीएससारखंच आहे." त्यांनी माझा शब्द खोडला आणि स्वतःच्या अक्षरात ‘इतर’ लिहिलं.

महिन्याला १,८०० रुपये, लॉकरचे ५०० डिपॉझिट, परत मिळतात (मिळाले). सकाळी सहा ते रात्री अकरा. एसी आहे, पण तो दुपारी बारानंतर लावतात. खुर्च्या बऱ्या. प्रत्येक टेबलाला एकच प्लग, आणि त्यात मोबाइल आणि लॅपटॉप दोन्ही लावलेले दिसले तर मुलांवर नजर ठेवणारा दादा येऊन नुसता उभा राहतो. काही बोलत नाही, आपणच एक काढतो. स्वच्छतागृह स्वच्छ आहे. हे मुलींनी वाचावं म्हणून वेगळं लिहिलं.

मी जुलैच्या शेवटी परीक्षा संपवून घरी आले. ऑक्टोबरच्या सत्रात डिग्री हवी तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात थिसिस अपलोड करायचा होता. घर लालबागला. गणपती तोंडावर आलेले असताना लालबागला बसून थिसिस लिहिणार असं मी म्हणाले तेव्हा बाबा फक्त हसले.

विषय असा: मांडीचं हाड खुब्याजवळ मोडून भरती झालेल्या वृद्धांचं त्या वेळचं हिमोग्लोबिन किती होतं आणि ऑपरेशननंतर कोणाला रक्त द्यावं लागलं. डब्ल्यूएचओच्या व्याख्येप्रमाणे बायकांमध्ये १२ आणि पुरुषांमध्ये १३ ग्रॅमच्या खाली म्हणजे ॲनिमिया. जुन्या नोंदींवरून करायचा अभ्यास, त्यामुळे नवीन पेशंट शोधायचे नव्हते. अडचण वेगळीच होती. युरोपात लोकांची खाजगी माहिती जपायचा जीडीपीआर नावाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू आहे आणि त्यात आरोग्याची माहिती जास्त जपायच्या प्रकारात मोडते. नावं काढून टाकलेली असली तरी त्या नोंदींची फाइल पेन ड्राइव्हवर घालून मुंबईला आणायची सोय नाही. मला लेखी परवानगी मिळाली ती एवढीच, की लॉगिन करून तिकडच्याच कॉम्प्युटरवर काम करायचं, काहीही डाउनलोड करायचं नाही आणि स्क्रीन कोणाला दिसता कामा नये.

म्हणून मला पाठीमागे भिंत असलेली खुर्ची हवी होती. अख्ख्या हॉलमध्ये अशा चारच आहेत, त्यातली २७ नंबरची रिकामी होती. काकांना कारण सांगितलं तर त्यांना ते लगेच पटलं. "पेशंटचं ना? मग बरोबर आहे," एवढंच म्हणाले आणि रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे २७ लिहून त्याभोवती गोल केला. या एका गोष्टीसाठी मी अभ्यासिकेला पाचपैकी चार देते.

एक गुण कापला तो वाय-फायचा. सकाळी उत्तम. रात्री आठनंतर चाळीस जण एकदम लेक्चरचे व्हिडिओ लावतात आणि माझं तिकडचं लॉगिन दर दहा मिनिटांनी तुटायचं. शेवटी मोबाइलचं हॉटस्पॉट वापरलं, त्याचा खर्च वेगळा.

बोलायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण ही जागा पाठांतरासाठी बांधलेली आहे. पुस्तक, हायलायटर, कानात बोळे, की झालं. थिसिसवाल्याला मधूनमधून कोणाशी तरी बोलावं लागतं. आपण इटलीच्या साडेतीन तास पुढे असतो उन्हाळ्यात. माझ्या गाइडबाई सर्जन, राउंड संपवून त्यांच्या नऊला फोन करणार, म्हणजे आपले साडेबारा. त्या वेळी जिन्यावर सगळे डबे उघडून बसलेले. मी गच्चीच्या दारापाशी, पाण्याच्या टाकीजवळ उभी राहून बोलायचे आणि नेमकी तेव्हाच मोटर सुरू व्हायची. बाईंनी एकदा विचारलं, "तू हॉस्पिटलमध्ये आहेस का?" मी हो म्हणून टाकलं. टाकीबद्दल इटालियनमध्ये समजावण्यापेक्षा ते सोपं होतं.

फोनही ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंतच. १५ ऑगस्टला तिकडे फेर्रागोस्तोची सुट्टी असते आणि त्याच्या आगेमागे अख्खा देश समुद्रावर जातो. मेलला आपोआप उत्तर यायचं की बाई २५ तारखेला परततील. नेमका तेव्हाच माझा आकडेमोडीचा भाग अडला. आर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये हिमोग्लोबिनची सरासरी काढायला गेलं की उत्तर यायचं ‘एनए’, म्हणजे आकडा उपलब्ध नाही. तीन दिवस. फाइल उघडून बघितली तर आकडे समोर दिसत होते, ढळढळीत.

चौथ्या दिवशी चहाला जिन्यात २६ नंबरची मुलगी भेटली. स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करून कसलीशी परीक्षा देतेय. पेशंटचं काही न सांगता मी तिला फक्त एररचं वाक्य म्हणून दाखवलं. तिने चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "फाइल कुठली आहे? त्यांचं दशांश चिन्ह काय? टिंब की स्वल्पविराम?"

मी सहा वर्षं ज्या देशात राहिले तिथे दुकानातल्या पाटीवर २,५० युरो वाचत आले होते. रिपोर्टमध्ये ११,४ वाचून पेशंटला रक्त चढवताना बघितलं होतं. आणि आरला तो स्वल्पविराम आकडा वाटत नाही, मजकूर वाटतो, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिने तिच्या डायरीचा कोपरा फाडून लिहून दिलं: फाइल वाचायची जी ‘रीड डॉट सीएसव्ही’ आज्ञा आहे, तिच्यापुढे फक्त २ लाव. ते फंक्शनच अशा फायलींसाठी आहे, दशांशाला स्वल्पविराम आणि रकान्यांमध्ये अर्धविराम. परत जाऊन एक आकडा टाइप केला. सरासरी आली. मी एवढ्या जोरात ‘हां’ म्हणाले की दादा येऊन उभा राहिला.

१९ ऑगस्टच्या पावसाबद्दल लिहायलाच हवं. मध्य रेल्वे बंद, हिंदमाताला पाणी, लालबागला जायला रस्ता नाही. काकांनी अकराला कुलूप लावलं नाही. खालून वडापाव आणवले, मुलींना आतली लहान खोली उघडून दिली आणि कोणाकडून जादा पैसे घेतले नाहीत. त्या रात्री थिसिसचा ‘चर्चा’ हा भाग पूर्ण झाला. वाय-फायसुद्धा चाललं, कारण अर्धे जण टेबलावर डोकं ठेवून झोपले होते.

गणपतीत मात्र निराशा. २७ ऑगस्टपासून गल्लीतल्या मंडळाचा स्पीकर सरळ आमच्या खिडकीवर. काकांनी वेळ पहाटे पाचला सुरू केली हे चांगलं, पण संध्याकाळी सहानंतर तिथे बसणं म्हणजे पैसे वाया. फी त्या महिन्यात कमी केली असती तर बरं झालं असतं. मी विचारलं, त्यांनी मोदक दिला.

शेवटचा घोळ अपलोडचा. युनिव्हर्सिटीला फाइल पीडीएफ-ए प्रकारात लागते, म्हणजे त्यातले सगळे फॉन्ट फाइलच्या पोटातच असले पाहिजेत, कधीही उघडली तरी तशीच दिसावी म्हणून. माझी दोनदा परत आली. कारण पहिल्या पानावरची एकच ओळ: ‘आजीस’. बाकी साठ पानं इंग्रजीत, ती बिनतक्रार गेली. ओळ काढून टाकावी असं क्षणभर वाटलं. मग खालच्या झेरॉक्सवाल्याकडे गेले. तो लग्नपत्रिका करतो, देवनागरी फॉन्टचं त्याला सगळं ठाऊक. त्याने दोन मिनिटांत करून दिलं आणि वीस रुपये घेतले. त्याला पाचपैकी पाच.

ऑक्टोबरमध्ये थिसिस मांडला, डिग्री मिळाली की तिकडे घालतात तो पानांचा मुकुट डोक्यावर घातलेला फोटो घरी पाठवला. आजीने विचारलं, तमालपत्र का गं?

आता परत आलेय, एफएमजीई, म्हणजे परदेशात डॉक्टरी शिकून आलेल्यांची इथली परीक्षा, द्यायची आहे, ३०० पैकी १५० लागतात. काकांकडे गेले. या वेळी फॉर्मवरच्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांना माहीत होतं. २७ मात्र गेलीय. ३१ रिकामी आहे, एसीचं पाणी बरोबर तिथेच ठिबकतं.