रीमॅप केलेल्या हॅचबॅकची थरथर: संशय क्लचवर, दोष एक्सलमध्ये

गाडी एक लिटर, तीन सिलिंडरची टर्बो पेट्रोल हॅचबॅक, सहा गियर मॅन्युअल. कंपनीचं नाव देत नाही, कारण सांगायचंय ते मॉडिफिकेशनबद्दल आहे. स्टेज वन रीमॅप (म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं), हेवी ड्यूटी क्लच किट आणि गाडी 40 मिलिमीटर खाली बसवणारे स्प्रिंग. कागदावर 175 न्यूटन मीटरचा टॉर्क सुमारे 220 झाला. एक अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचे काही महिने हे सगळं रोज वापरून लिहितोय.

रीमॅपचं थोडक्यात सांगतो. समाधानी आहे. साखरप्याकडून आंबा घाट चढताना जी वळणं दुसऱ्यावर काढावी लागायची ती आता तिसऱ्यावर निघतात. क्लच मजबूत आहे, पण पेडल जड. हायवेला काहीच वाटत नाही. कोल्हापुरात बिंदू चौक ते महाद्वार रोड या गर्दीत मात्र डावा गुडघा दुखतो. रोज शहरातच गाडी चालवणाऱ्याला मी हा क्लच सुचवणार नाही.

आता मुख्य मुद्दा. 50 ते 75 च्या वेगात रेस दाबली की गाडी थरथरायला लागली. स्टीअरिंगमध्ये नाही, सीटमध्ये आणि कमरेत जाणवायची, तीही आडवी, डावी-उजवीकडे. चौघं बसले की वाढायची. टायरवाल्याने व्हील बॅलन्सिंग सांगितलं. एका गॅरेजात ऐकलं, "भावा, क्लच प्लेट गेलीय, किट बदलून टाक." दुसरीकडे इंजिन माउंटिंगवर, म्हणजे इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी आधारांवर बोट. तिन्ही कारणं शक्य होती, पण तिन्हींचे पार्ट बदलत बसायचं म्हणजे पैसे पाण्यात. आधी लक्षणं नीट वेगळी करायची असं ठरवलं.

रविवारी गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत रस्ते मोकळे असतात, तिथे गाडी नेली. 70 ला नेऊन रेस सोडली, थरथर गायब. त्याच वेगात क्लच दाबून गाडी नुसती पळू दिली, तरी गायब. चाकाचा बॅलन्स गेला असता तर तो रेसची वाट बघत बसला नसता. म्हणजे बॅलन्सिंग बाद. मग क्लच. ओबीडी डोंगल (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाईलवर दाखवणारं छोटं यंत्र) लावून मोबाईलवर आरपीएम आणि वेग दोन्ही नोंदवले. चौथ्या गियरमध्ये 2000 आरपीएमपासून पूर्ण रेस दिली. प्लेट घसरत असेल तर आरपीएम वर पळतो आणि वेग मागे राहतो. इथे आरपीएमला वेगाने भागलं की आकडा शेवटपर्यंत 29 च्या आसपासच येत होता. क्लच ठणठणीत.

सगळ्यात उपयोगी चाचणी अगदी साधी होती. 60 च्या वेगात तिसऱ्यावर रेस दिली, मग त्याच वेगात चौथ्यावर. इंजिनाचा आरपीएम 2400 वरून 1750 वर आला, थरथरीची लय मात्र तीच राहिली. म्हणजे दोष इंजिनाच्या फिरण्याशी नाही, चाकाच्या फिरण्याशी बांधलेला. माउंटिंगही मागे पडलं. उरला गियरबॉक्सच्या पुढचा भाग, म्हणजे गियरबॉक्सपासून चाकापर्यंत ताकद नेणारा दांडा, एक्सल.

इथे थोडा हिशेब केला. 185/60 आर15 टायरचा घेर साधारण 1.89 मीटर. 60 च्या वेगाला चाक सेकंदाला 8.8 फेरे घेतं. मोबाईल सीटच्या रेलला घट्ट बांधून कंपन मोजणारं ॲप चालवलं, तर आडव्या दिशेचं शिखर 26 हर्ट्झच्या आसपास. 8.8 ची बरोबर तिप्पट! एक्सलच्या आतल्या टोकाला, गियरबॉक्सपाशी, ट्रायपॉड जॉइंट असतो आणि त्यात तीन रोलर असतात. एका फेऱ्यात तीन धक्के, तेही आडवे. वळताना येणारा कटकट आवाज बाहेरच्या जॉइंटचा असतो; तो माझ्याकडे अजिबात नव्हता.

शिवाजी उद्यमनगरात ज्या मिस्त्रींकडे काम दिलं त्यांनी आकडे शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "खोलल्याशिवाय मी काय बोलणार नाही." मला हे आवडलं. आधी गियरबॉक्सचं तेल काढलं. चुंबकी ड्रेन प्लगवर बारीक काळा लगदा होता, एकही तुकडा नव्हता, म्हणजे गियर शाबूत. मग डावा एक्सल बाहेर आला. बूट, म्हणजे जॉइंटवरचं रबरी आवरण, फाटलेला नव्हता, पण ग्रीस पातळ आणि काळं झालेलं. जॉइंटचं हाऊसिंग, म्हणजे रोलर ज्यात बसतात ती वाटी, डिझेलने धुऊन मिस्त्रींनी माझ्यापुढे धरलं, "नख फिरवून बघ की." रोलर जिथे धावतो त्या ट्रॅकवर नख अडकलं. डोळ्याला जेमतेम दिसणारी घळ, पण नखाला स्पष्ट लागत होती. नव्या हाऊसिंगवर नख कुठेच अडकत नाही.

डावाच का? गियरबॉक्स डाव्या बाजूला, त्यामुळे डावा एक्सल आखूड. गाडी तेवढीच खाली बसली तरी आखूड एक्सलचा कोन जास्त वाढतो, आणि ट्रायपॉड जास्त कोनात जोर लावून फिरला की आडवे धक्के वाढतात. त्यात रीमॅपचे वाढीव 45 न्यूटन मीटर दुसऱ्या गियरमध्ये साधारण आठपट होऊन दोन्ही एक्सलवर येतात.

डावा आतला जॉइंट नवा टाकला, ट्रायपॉडसाठीचंच ग्रीस भरलं आणि स्प्रिंग 20 मिलिमीटरवाले लावले. रीमॅप आणि क्लच तेच ठेवले. त्याच रस्त्यावर, त्याच वेगात ॲपमधलं 26 चं शिखर जवळजवळ सपाट झालंय. वाघबिळापासून पन्हाळ्याचा चढ चौघं बसवून केला, कमरेला काही जाणवलं नाही.

ज्यांना असलं काम करायचंय त्यांनी कायदाही बघून ठेवावा. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार कंपनीने दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच उचलून धरलं. विम्याचा क्लेमही अडू शकतो.

उजवा जॉइंट अजून जुनाच आहे. गाडी रॅम्पवर चढली की त्याच्या बुटाच्या क्लिपपाशी ग्रीस बाहेर आलंय का ते बघतो; पुढच्या वेळी गियरबॉक्सचं तेल बदलताना तोही खोलून ट्रॅक तपासणार आहे.