‘पोलादी’ माउंट म्हणून माझ्या गळ्यात काय मारले

खानापूर-बेळगाव भागात छऱ्याच्या बंदुकीने कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्यांनी हे अवश्य वाचावे. हद्दीपलीकडे महाराष्ट्रातील एका दुकानदाराने दुर्बीण बंदुकीवर पकडून ठेवणारा ‘पोलादी’ माउंट मला ३,४०० रुपयांना विकला, आणि त्याच्या दुर्बिणीची नळी धरणाऱ्या रिंगा आतून घासून बसवण्याचे व तपासणीचे आणखी १,२५० रुपये घेतले. माउंट निघाला जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला.

संताप होतो तो एका क्षणाच्या आठवणीने. बसवणी चालू असताना रिंगेच्या आत साच्याच्या जोडाची बारीक रेघ मला दिसली होती. रिंगा खरोखर घासल्या असत्या, तर ती रेघ उरलीच नसती. त्यातच त्याने स्क्रूंचे तेलही न पुसता त्यांवर आटे पकडून ठेवणारे निळे द्रव लावले आणि ठरावीक जोरानेच आवळणारा टॉर्क रेंच न वापरता ॲलन कीने जोर लागेल तेवढे आवळले. मी विचारलेही, ‘वीस वर्षांचा हात आहे’ असे उत्तर आले, आणि वडीलधाऱ्या कारागिराच्या अशा शब्दापुढे आपल्याकडे कोण वाद घालतो? रिंगांचे स्क्रू आवळायला साधारण २ न्यूटन-मीटर जोर पुरतो; नेमका आकडा उत्पादकाच्या कागदावर पाहा.

स्प्रिंगच्या बंदुकीचा धक्का मागे आणि पुढे असा दुहेरी असतो. त्या धक्क्याने माउंट डव्हटेलवर, म्हणजे तो बसतो त्या बंदुकीवरच्या खाचेवर, मागे सरकला, त्याला अडवणारी पिन वाकली आणि मुळातच जास्त आवळलेल्या रिंगांखाली ११,२०० रुपयांच्या दुर्बिणीची नळी चेपली. साध्या पोलादाला चुंबक चिकटते, म्हणून खरेदीला जाताना चुंबक खिशात ठेवा.

तक्रारीला गेलो तर इथल्या ठाण्यात सांगितले, ‘दुकान महाराष्ट्रात आहे, तिकडे जा’. तिकडे म्हणाले, ‘तुम्ही कर्नाटकातले, शिवाय बाब दिवाणी आहे.’ मराठीत लिहिलेला अर्ज इथे कन्नडमध्ये मागितला, आणि तो करून नेला तेव्हा संबंधित साहेब जागेवर नव्हते. सीमेवरच्या माणसाने दोन्ही राज्यांत कर भरायचा, खरेदी करायची आणि फसल्यावर मात्र कोणाचेच नसायचे, हे कुठवर सोसायचे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, एवढे सांगणारा एकही अधिकारी मला भेटला नाही. १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

पावतीवर धातूचे नाव लिहून घ्या. माझ्या पावतीवर फक्त ‘सामान’ एवढेच आहे. बसवल्यावर स्क्रूच्या डोक्यापासून रिंगेपर्यंत रंगाची एक रेघ ओढा, म्हणजे स्क्रू फिरला तर लगेच कळते. आणि माझ्यासारखे झाले असेल, तर स्क्रू पुन्हा आवळू नका; वाकलेल्या पिनेसह सगळे तसेच ठेवून फोटो काढा, कारण आयोगापुढे तोच पुरावा आहे.