विंडोज ११ नंतर मंदावलेली पोर्टेबल हार्डडिस्क: वर्षभराच्या वापरानंतर

डिस्कचा आकार, वजन, रंग यावर सगळीकडे लिहून झालंय, ते इथे नको. २ टीबीची, यूएसबी ३.० वाली, खिशात मावणारी डिस्क आहे. मी सोलापुरात लग्नाचं शूटिंग आणि अल्बमचं काम करतो, त्यामुळे ती जवळपास रोज जोडलेली असते. दिवाळीपर्यंत काडीची तक्रार नव्हती. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, म्हणून तुळशीच्या लग्नाआधीच, सीझन सुरू व्हायच्या आत, स्टुडिओतल्या पीसीवर विंडोज ११ टाकून घेतलं. तिथून डिस्क मंदावली.

आधी व्हिडिओ फुटेज सेकंदाला ११०-१२० एमबीनं जायचं. आता ३५-३८ च्या वर जाईना. फोटोंचे फोल्डर तर त्याहून वाईट, हजारो बारक्या फाइली आणि वेग ५-६ एमबी. संध्याकाळी कॉपीला लावून घरी जावं, सकाळी शटर उघडावं, तरी हिरवी पट्टी अर्ध्यावरच. गिऱ्हाइकं पेन ड्राइव्हसाठी बाकावर बसून.

नवी पेठेतल्या एका दुकानात दाखवली. त्यानं ती कानाला लावून ऐकली आणि निकाल दिला, "मालक, डिस्क गेली की ओ तुमची. नवीन घ्या, यातला डेटा काढून देतो." डेटा काढायचे पैसे वेगळे. डिस्क वॉरंटीत होती म्हणून सेवा केंद्राला फोन लावला. तिकडून एकच पालुपद: "सर, फॉरमॅट करून बघा, नाहीतर पाठवून द्या. बदलून मिळेल, पण डेटाची जबाबदारी आमची नाही." कुठल्या सॉकेटला लावलीय, केबल कुठली आहे, आरोग्य तपासलं का, यातलं एक अक्षर विचारलं नाही. लोकांच्या लग्नाचा डेटा भरलेल्या डिस्कवर पहिला उपाय म्हणून फॉरमॅट सांगणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग आला.

घरी क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कचं आरोग्य दाखवणारा प्रोग्रॅम चालवला. तो फुकट आहे. त्यात ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी बघायच्या, म्हणजे खराब झालेले आणि वाचता न येणारे सेक्टर (डिस्कवरचे डेटा साठवायचे बारके कप्पे). माझ्या डिस्कवर तिन्ही शून्य. हे आकडे वाढत असतील तर पुढचं काही वाचत बसू नका, आधी डेटा दुसरीकडे हलवा. शून्य असतील तर धडधाकट डिस्क टाकून नवीन घ्यायला माझं मन तरी तयार होईना.

सुरुवातीला माझा सगळा राग अपडेटवर होता, आणि तो निम्मा तरी बरोबर निघाला. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या डिस्कला मूळ सेटिंग 'क्विक रिमूव्हल' असतं. यात विंडोज लिहिण्याचा डेटा मेमरीत साठवून ठेवत नाही, त्यामुळे कॉपी चालू नसताना डिस्क तशीच ओढून काढली तरी चालते. फटका बसतो तो बारक्या फाइलींना. मी जुन्या विंडोजमध्ये 'बेटर परफॉर्मन्स' करून ठेवलं होतं, अपग्रेडनंतर ते परत मूळपदावर गेलेलं दिसलं. डिव्हाइस मॅनेजर, डिस्क ड्राइव्हज, आपल्या डिस्कचे गुणधर्म, त्यात पॉलिसीज. तिथे 'बेटर परफॉर्मन्स' आणि 'राइट कॅशिंग' (लिहायचा डेटा आधी मेमरीत साठवणं) चालू करा. त्याखालच्या 'बफर फ्लशिंग बंद करा' या चौकोनाला मात्र हात लावू नका. लाइट गेली तर डेटा जाऊ शकतो, आणि आपल्याकडे लाइट जाते. पीसीला यूपीएस असेल तरच राइट कॅशिंगचा विचार करा. यानंतर 'सेफली रिमूव्ह' केल्याशिवाय डिस्क काढायची नाही, हे कामाच्या पोरांनाही बजावून ठेवा. आणि हे सेटिंग त्या पोर्टपुरतंच टिकतं. डिस्क दुसऱ्या सॉकेटला लावली की पुन्हा बघावं लागतं.

फोटोंचा वेग सुधारला. व्हिडिओ मात्र ३५-३८ वरच. इथे माझं मत बदललं, कारण हा आकडा ओळखीचा आहे. यूएसबी २.० ची कागदावरची मर्यादा सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे ६० एमबी, प्रत्यक्षात हातात तीस-चाळीस एमबीच येतात. म्हणजे डिस्क जुन्या यूएसबीवर चालत होती, तेही पीसीच्या मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या सॉकेटला लावलेली असताना. यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये बघितलं. 'सुपरस्पीड' (यूएसबी ३.०) दिसायला हवं होतं, दिसत होतं 'हाय-स्पीड' (यूएसबी २.०). विंडोजचा याच्याशी काही संबंध नाही.

दोष केबलचा होता. आता या केबलबद्दल मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण वर्षभरात सगळ्यात जास्त त्रास तिनंच दिला. डिस्कच्या बाजूला जो रुंद, चपटा मायक्रो-बी पिन जातो तो दोन भागांचा असतो. मोठा भाग जुन्या मोबाइलच्या चार्जरसारखाच, आणि त्याला चिकटलेल्या लहान भागात यूएसबी ३.० चे जादा पाच संपर्क. हा लहान भाग जरा ढिला झाला की डिस्क गुपचूप यूएसबी २.० वर उतरते. चालते, फोल्डर उघडतात, कसलाही इशारा येत नाही. फक्त वेग एक तृतीयांश होतो. खात्री करायची तर जुन्या मोबाइलची डेटा केबल डिस्कच्या त्या मोठ्या खाचेत लावून बघा, तिच्यावरही डिस्क चालते, याच वेगानं.

विंडोज टाकताना पीसी बाहेर काढला, सगळ्या वायरी ओढल्या आणि परत लावल्या, तेव्हाच केबल मुडपली असणार. म्हणून दोन दुखणी एकाच दिवशी दिसली आणि सगळं अपडेटच्या माथी गेलं. दीड-दोनशे रुपयांची आखूड केबल आणली आणि पहिल्याच कॉपीला ११५. त्या दुकानदाराच्या काउंटरवर अशा केबलींचा जुडगाच टांगलेला होता. एक लावून बघायला अर्धा मिनिट लागला असता.

संक्रांतीला सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत खरी परीक्षा झाली. सातही नंदीध्वजांची मिरवणूक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम, सगळी कार्डं भरलेली. पहिले चाळीस-पन्नास जीबी सुसाट गेले आणि मग वेग वीसवर आला. ही बिघाडाची खूण नाही. अशा बहुतेक पोर्टेबल डिस्क 'एसएमआर' पद्धतीच्या असतात, ट्रॅक एकमेकांवर कौलांसारखे चढवलेले. आधी डेटा एका राखीव पट्ट्यात पटकन घेतात, तो भरला की शेजारचे ट्रॅक पुन्हा लिहावे लागतात. थोडा वेळ कॉपी थांबवून डिस्क जोडलेलीच ठेवली की वेग परत येतो. कंपन्या ही गोष्ट खोक्यावर ठळक छापत नाहीत, हे मला आवडलेलं नाही.

अँटिव्हायरस बंद करा असा सल्ला हमखास मिळतो. मी केला नाही. गिऱ्हाइकांचे पेन ड्राइव्ह काय काय घेऊन येतात ते रोज बघतो.

आता उन्हाळा आहे. बऱ्याच पोर्टेबल डिस्कच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलेलं असतं, आणि सोलापुरात मे महिन्यात दुपारी पारा बऱ्याचदा ४० च्या पुढे जातो. दुपारी मोठी कॉपी लावत नाही, सकाळी किंवा रात्री लावतो. डिस्क पीसीच्या गरम हवेच्या तोंडाशी ठेवत नाही, टेबलावर पंख्याखाली मोकळी ठेवतो. क्रिस्टलडिस्कइन्फोत तापमान दिसतं, पन्नाशीला आलं की थांबतो.

डिस्कला पाचपैकी चार. कापलेला एक गुण डिस्कवरच्या त्या मायक्रो-बी सॉकेटचा. पुष्कळ पोर्टेबल डिस्कमध्ये ते सॉकेट आतल्या सर्किटलाच सोल्डर केलेलं असतं, ते उखडलं की डेटा काढायला डिस्कच्या किमतीच्या कित्येक पट मोजावे लागतात. म्हणून केबल डिस्कच्या बाजूनं काढतच नाही, पीसीच्या बाजूनं काढतो, आणि बॅगेत ठेवतानाही केबल तशीच गुंडाळून ठेवतो. सेवा केंद्राला पाचपैकी शून्य. पुढची डिस्क टाइप-सी सॉकेटवाली घेणार, पण ही व्यवस्थित चालतेय तोवर नाही.